पेल्यातलं पाणी

ब्रोमेलियाड हे अननसाच्या नात्यातलं झाड. त्याची पानं मधोमध एकमेकांना घट्ट बिलगून पेला करतात आणि पाणी त्या पेल्यात घालायचं असतं, मातीत नाही. एवढी साधी गोष्ट मला आईला कधी सांगता आली नाही. मी ती इंग्रजी व्हिडिओ बघून शिकले. मराठीत सांगायला गेले की दुसऱ्याच वाक्याला अडखळते, आई हसते आणि मी खोलीत निघून जाते.

आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की पानांवर पांढरे डाग पडायला लागले. म्हणून मी विकतच्या जारचं पाणी घालू लागले.

"चहाला बोअरचं अन् झाडाला जारचं," आई शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मोठ्या घरचं दिसतंय!"

पेल्याच्या तळाशी गुलाबी रंग चढायला लागला. फूल येणार होतं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, म्हणून मी रोज ऑफिसला जाण्याआधी वाकून बघत होते.

त्याच आठवड्यात डेंग्यूच्या तपासणीला आशाताई आल्या. ड्रम, कूलर, फ्रिजमागचा ट्रे असं सगळं बघत त्यांचा टॉर्च माझ्या कुंडीवर येऊन थांबला.

"यात अळ्या होतेत ना. ओतून द्या."

मी पाणी सारखं बदलते, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "त्याला... लागतं ते."

"मंग जळकं ऑइल टाका थोडं. नाल्यात टाकतेत तसं."

मी मान हलवली. ती 'बरं, कळलं' अशी होती. मागे उभ्या आईने ती 'हो' अशी घेतली.

संध्याकाळी पेल्यावर काळा तवंग होता. बाबांच्या मोटारसायकलचं ऑइल.

"हे काय केलंस?"

"ओतलं असतं तर तूच तोंड फुगवून बसली असती. म्हणून पाणी तसंच ठेवलं अन् बराबर बंदोबस्त केला."

तिने खरंच माझ्यासाठी केलं होतं. त्यामुळे ओरडताही येईना. मी कुंडी उलटी केली, पुन्हा पुन्हा धुतली. तवंग पानांच्या बेचक्यांत शिरून बसलेला. काही दिवसांनी मधलं पान सहज हातात आलं, खाली कुजलेलं, घाण वास येणारं. गुलाबी रंग तपकिरी झाला होता. बुडाशी मात्र एक पिल्लू फुटलं होतं, बोटाएवढं. ते वाढवून मी वेगळ्या कुंडीत लावलं.

परवा आशाताई दारातूनच म्हणाल्या, "ते पाणीवालं झाड गेलं का?"

"न्हाई, त्याचं लेकरू हाय," आई म्हणाली. "मी बघून राह्यले ना. त्यातलं पाणी मीच ओतते अन् ताजं भरते."

आजकाल पिल्लाच्या पेल्यात पाणी स्वच्छ असतं. काठावर पांढरे डाग आहेत. बोअरचं.

"आई, जारचं घाल," मी आज शेवटी म्हणाले.

"जार संपलाय," ती म्हणाली. "आणून ठेव, मंग बोल."