भुरी गेलेली ओळ

धाकटीचं आणि तिच्या दादाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्याचं काकडीचं पॉलिहाऊस, ती पिकांच्या रोगांवर संशोधन करणारी. सिल्व्हर नायट्रेटनं तिची बोटं कायम काळवंडलेली. दादा म्हणायचा, "कोळसे विकतेस का गं?"

प्रयोगशाळेमागे माजलेल्या तणाचा पाला ती उकळायची, गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायची. फिकट काढा चहासारखा तपकिरी झाला, की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाल्याची ती खूण. कुंडीतल्या रोपांवरची भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी, त्यानं हटली होती. आता खऱ्या पिकावर फवारायचं होतं. नाक मुठीत धरून ती दादाकडे गेली.

"एक ओळ देतो. पीक जळलं तर इथे पाय ठेवायचा नाही."

"चालेल. पण त्या ओळीतली काकडी विकायची नाही. फळात चांदी किती उतरते, ते अजून मोजलेलं नाही."

त्यानं मान हलवली.

पीक जळलं नाही. शेजारच्या ओळी पांढऱ्याफटक पडल्या, ही मात्र हिरवीगार. धाकटी नमुने घ्यायला आली, तर वेलांवर नुसत्या बोटभर काकड्या.

"विकल्यास?"

"मग काय कपाटात ठेवू?"

"शब्द दिला होतास, दादा!"

"नुसती मान हलवली होती. दोन-तीन दिवसांत पुन्हा तोडा आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच बरे केलेले वेल ती दोन्ही हातांनी उपटायला लागली. दादा अंगावर धावून आला. मागून आई आली, ती नेहमीप्रमाणे त्याच्याच बाजूनं.

"सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?"

"लोकांच्या पोटात काय गेलं, ते विचार त्याला!"

ओळ भुईसपाट करूनच ती थांबली. कोवळ्या काकड्या पिशवीत भरल्या, तोवर दादानं दंडाला धरून तिला बाहेर काढलं.

तपासणीत त्या काकड्यांत चांदी अगदीच नगण्य निघाली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. ते सांगायला ती गेली, तर दादानं तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"म्हणजे उगाच उपटलंस."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"माफी माग."

"आधी तू माग. तुलाही माहीत नव्हतं, तरी विकल्यास."

त्यानं तोंडावर दार लावलं. पुढच्या पिकावर भुरी परत आली. दादानं नेहमीचं गंधक मारलं, बहिणीला विचारलं नाही. तिनं दुसऱ्या गावात एक माळी गाठला आणि त्याच्याकडून आधी सही घेतली.