चहातल्या चुका

काकूंच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसलीच असती तर ती आधी कशावर बसून आली हे काकूंनी वासावरून सांगितलं असतं. कपडे धुण्याच्या एका मोठ्या दुकानात त्या आलेले कपडे तपासून घ्यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "कॉफी सांडली हो." काकू कोट नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "हे खोकल्याचं औषध आहे. खोकला थांबला का?" त्या निवृत्त झाल्या तेव्हा मालक भाषणात गहिवरून "आज आमच्या दुकानाचं नाक गेलं" असं बोलून बसले. म्हणायचं एक होतं, झालं भलतंच, पण टाळ्या जोरात पडल्या.

पुढे हे नाक घरच्या चहाच्या पातेल्यावर कामाला लागलं. आलं किसायचं नाही, कुटायचं. किसलेलं आलं नुसतं भिजतं, असं काकूंचं मत. ते उकळत्या पाण्यात पडलं की वाकून एक वास घ्यायचा. मग चहा, साखर, दूध, आणि शेवटी वेलदोडे, लवंग, मिरी, दालचिनी यांची घरी केलेली पूड. किती घालायची? नाक पुरे म्हणेल तेवढी. सुनेने एकदा हौसेने मापाचे चमचे आणले, ते काकूंनी धडधाकट माणसाने कुबडी ठेवून द्यावी तसे खणात ठेवून दिले. फडताळातल्या सगळ्या बरण्या सारख्या होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. झाकण उघडलं की कळतंच की, लिहायचं कशाला?

हा चहा ज्यांच्यासाठी व्हायचा ते काका छापखान्यात प्रुफं तपासायचे. नोकरीबरोबर हातातलं लाल पेन सुटलं, डोळ्यांतलं सुटलं नाही. औषधाच्या खोक्यावरचं ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय गोळी घशाखाली उतरत नसे. मग चहा कसा सुटेल? रोज पहिला घोट घेऊन ते छताकडे बघत आणि निकाल देत: "आलं आज जरा ठळक टायपात पडलंय." किंवा, "वेलदोड्यानंतर स्वल्पविराम हवा होता."

"पूर्णविराम द्या आणि प्या," काकू म्हणत. यावर काका कप रिकामा करत. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही त्यांच्या तोंडून चहा चांगला झाल्याचं निघालं नव्हतं, आणि काकूंनाही त्याची सवय झाली होती.

मग काकूंना सर्दी झाली. साधीच, शिंकांची. आठवडाभर राहून ती गेली, पण जाताना वास घेऊन गेली. काकूंनी आलं कुटलं, वाकल्या, आणि त्यांना कसलाच वास आला नाही. पुन्हा वाकल्या. वाफेने चेहरा ओला झाला, तेवढंच. लवंग नाकाशी धरली, कांदा धरला, शेवटी रॉकेलची बाटलीही हुंगून पाहिली. सगळीकडे शुकशुकाट.

काकू हादरल्या. पण बोलल्या नाहीत, कारण बोलल्यावर काय होईल ते त्यांना पाठ होतं. सून लगेच म्हणेल, "आई, तुम्ही बसा, मी करते." सून वाईट असती तर काकूंनी दोन हात केले असते. पण ती होती गुणी आणि मायाळू, आणि अशा माणसापुढे काही चालत नाही. एकदा चहा गेला की मग भाजी जाईल, मग कोपऱ्यात एक खुर्ची आणि सगळ्यांचं गोड बोलणं. त्या खुर्चीची काकूंना मनापासून भीती वाटत होती.

म्हणून त्यांनी नाक शाबूत असल्याचं सोंग आणलं. रंग बघायचा, उकळीचा आवाज ऐकायचा, आणि कोणी आलं की पातेल्यावर वाकून "हं!" म्हणायचं. पहिल्या दिवशी काका काय म्हणतात म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. काकांनी घोट घेतला, छताकडे पाहिलं. "दालचिनी आज समासाबाहेर गेलीय."

काकूंच्या जिवात जीव आला. त्यांना आयुष्यात कुठल्या टोमण्याने इतका आनंद झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मिरीवर ठपका आला, तिसऱ्या दिवशी साखरेवर. म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

घोळ झाला तो पुढच्या रविवारी. सुनेने फडताळ झाडून बरण्या पुन्हा मांडल्या होत्या. काकूंनी सवयीने नेहमीच्या जागेवरची बरणी काढली, तपकिरी पूड चहात सोडली, वरून आणखी थोडी सोडली, ढवळलं, "हं!" केलं आणि कप भरले. सुनेने एक घोट घेतला आणि "कुंडीला पाणी घालायचं राहिलं" म्हणत कपासकट गॅलरीत गेली. काकूंनी स्वतःचा कप तोंडाला लावला. गरम होता, गोड होता. त्यांच्या दृष्टीने हल्ली चहा तेवढाच असे.

काकांनी घोट घेतला. छताकडे पाहिलं नाही. दुसरा घोट घेतला, तिसरा, आणि कप तळापर्यंत रिकामा करून खाली ठेवला.

"छान झालाय," ते म्हणाले.

काकूंनी आपला कप खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"छान झालाय म्हटलं."

"तुम्ही? छान? अहो, लग्नाचे फोटो आले तेव्हासुद्धा तुम्ही पाकिटावरचं स्पेलिंग चुकलंय म्हणाला होतात. खरं सांगा, काय पडलंय त्यात?"

काका कपाचा कान चोळत राहिले. "धने-जिऱ्याची पूड," अखेर ते पुटपुटले. "बरीच."

"आणि प्यायलात सगळा?"

"प्यायलो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. माझं नाक."

"अगं, तुझी सर्दी गेली त्या दिवशी दूध करपलं आणि तू शेजारी उभी राहून पेपर वाचत होतीस. तेव्हाच कळलं."

"मग दालचिनी? मिरी? साखर?"

"सगळ्या खोट्या. चहा चांगला होता. पण मी गप्प बसलो असतो तर तुला लगेच संशय आला असता. खोट्या चुका काढणं सोपं नसतं, आदल्या रात्रीच ठरवून ठेवायला लागायच्या." त्यांनी घसा खाकरला. "आज खरीच चूक निघाली, एवढी मोठी, आणि मला ती दाखवताच येईना."

काकूंना हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं, त्यात हसू थोडं पुढे होतं. त्यांनी पातेलं विसळलं, नवं पाणी ठेवलं आणि आलं कुटायला घेतलं. "उठा," त्या म्हणाल्या, "इकडे या. वाका. हात माझा आणि नाक तुमचं."

काका वाकले. वाफेने चष्मा पांढरा झाला. बरण्या हुंगून त्यांनी जी निवडली तीच काकूंनी घेतली, आणि पूड थोडी थोडी सोडत विचारत राहिल्या, "आता?" काका म्हणत, "अजून." मग म्हणाले, "बस."

"कसा येतोय वास?"

"रोजच्यासारखा."

"रोजच्यासारखा म्हणजे कसा? नीट सांगा, मला येत नाहीये."

काका विचारात पडले. दुसऱ्यांचे शब्द सुधारण्यात आयुष्य गेलेलं, स्वतःचे काढायची वेळ फारशी आली नव्हती. "छापखान्यातून येताना," ते सावकाश म्हणाले, "खालच्या जिन्यातच हा वास यायचा. दुसऱ्या कुणाच्या दारातून तसा येत नसे. आला की कळायचं तू घरात आहेस. मग उरलेल्या पायऱ्या मी भरभर चढायचो."

काकूंचा हात पातेल्यावरच थांबला. "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात काही चूक नव्हती," काका म्हणाले. "चुकीशिवाय कुठे खूण करायची, हे मला कधी शिकवलंच नाही कुणी."