चौकडीतला उंचवटा

सत्तरच्या दशकात आम्हा नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा पैसा म्हणे रोजगार हमीच्या कामांसाठी. आमच्या नाशिकच्या कचेरीत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: निम्मा वाटेतच गळणार, मग द्यायचा कशाला? कर कमी करा, असा अर्ज करायचं ठरलं. माझं अक्षर बरं आणि जीभ तिखट, म्हणून तो मीच लिहिला. पहिली सहीही ठोकली.

त्याच आठवड्यात चांदवडला बहिणीकडे गेले. तिथल्या नोकरदारांच्या सह्या मिळवायच्या म्हणून अर्ज पिशवीत होता. बहिणीने तो वाचला आणि म्हणाली, "आडात नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार गं?" मला रागच आला. गावाबाहेर हमीचं तलावाचं काम चालू होतं, तिकडे चुका काढायला मी एकटीच निघाले.

पोचले आणि जागीच थांबले. पावसाने दगा दिलेलं वर्ष, उजाड माळ, आणि त्यावर शेकडो माणसं. यंत्र एकही नाही. पाट्या या हातातून त्या हातात जात होत्या आणि समोर मातीचा बांध चढत होता, आमच्या कचेरीहून उंच. माझ्या अंगावर काटा आला. वाटेत गळत असेलही. पण इथवर काय पोचलं होतं ते मी डोळ्यांनी बघत होते. बांधाकडे बघतच एक चौकडी, म्हणजे मातीसाठी खणलेला चौकोनी खड्डा, ओलांडायला तिच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर पाय दिला, आणि तो ढासळला.

"बाई, काय केलंत ओ हे?" खणणारी बाई कुदळ टाकून धावली. "आता मोजतील कशावरून?"

खणताना मधोमध मूळ जमिनीचा तेवढा तुकडा राखायचा असतो. त्यावरून खोली मोजतात आणि खोलीवरून मजुरी. तिच्या आठवड्याच्या कष्टांचा साक्षीदार मी चपलेखाली घातला होता.

मोजणीचा कारकून टेप घेऊन आला. "खूण नाही तर माप कसं धरू?" म्हणाला.

"खूण मी पाडली. माझ्या कमरेएवढी होती. मी नाशिकला सरकारी नोकर आहे, लिहून देते," मी म्हणाले.

तो कबूल झाला. पिशवीत कागद एकच होता. मी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून खाली सही केली. त्याने तो घडी करून मस्टरमध्ये ठेवला आणि माप धरलं.

बाईचा जीव भांड्यात पडला. मग तिने मला नीट न्याहाळलं.

"तुमी नाशकातल्या नोकरीवाल्या का? आमचा रोज तुमच्या पगारातून येतो म्हणत्यात."

मी मान डोलावली.

"लय कापत्यात का ओ, बाई?"

तिच्या आवाजात काळजी होती. आकडा मला तोंडपाठ होता. तो मला सांगवला नाही.