पोराची कॅसेट

पंचायत समितीतली कारकुनी सोडून मी पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर कॅसेटचं दुकान टाकलं, तेव्हा बायको म्हणाली, "सूर कळत नाही, ताल कळत नाही, आणि विकणार गाणी!" मी चिडून म्हणालो, "वाण्याला कुठे भात लावता येतो? तरी तांदूळ विकतोच ना?"

एके दुपारी कुडपणची एक म्हातारी दुकानात आली. "बाबा, माझ्या पोराची कॅसेट दे. मुंबयला गातो तो."

"त्याची कॅसेट निघाली आहे का, आजी?"

"गातो ना! लय दिस झाले, घरी आला नाय. मुंबयची गाणी तुझ्याकडंच येतात ना?"

मी समजावलं, की गाणाऱ्या प्रत्येकाची कॅसेट निघत नसते, त्याला कंपनी लागते. ती ऐकत होती माझं, पण बघत होती फळीकडे. शेवटी वैतागून मी एक कॅसेट लावली. मग दुसरी, मग तिसरी. दर वेळी ती डोळे मिटून दोन ओळी ऐकायची आणि म्हणायची, "ह्यातला नाय." गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तिला जा म्हणायला जीभ रेटेना.

उठताना तिने विचारलं, "नवी कवा येतात?"

"येतात अधूनमधून."

"मंग तू ऐकून ठेव, बाबा. तुझा धंदाच हाय तो."

त्यानंतर मुंबईहून खोकं आलं की मी एकेक कॅसेट लावून ऐकत बसायचो. सूर मला कळत नव्हता, आणि त्या पोराचा आवाज तर मी कधी ऐकलाच नव्हता.