पास्कलभाऊंच्या पुस्तकाचं शेवटचं पान

पास्कलभाऊंच्या बायकोचा, फिलोमिनाचा, फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "ताई, पास्कल गेला," एवढंच बोलली ती. झोपेतच गेले. खरं सांगते, मला आधी आठवलं ते त्यांच्या बाल्कनीत चौकटीवर ताणून ठेवलेलं बकऱ्याचं चामडं... त्यांच्या पुस्तकाचं एक शेवटचं पान राहिलं, आणि जानेवारीत लेकीचं, रेचेलचं, लग्न.

आमची ओळखच मुळी अशाच चामड्यापायी झाली, तीही भांडणातून. अजमानला आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर हे वसईचं कुटुंब. ऐन श्रावणात वरून असा काही वास सुटला की मी तरातरा वर गेले. दार उघडलं ते हातात वाकडी सुरी घेतलेल्या माणसाने. मागे बाथटबमध्ये चुन्याच्या पाण्यात कातडं भिजतंय, आणि घरचे बिचारे बादलीने आंघोळ करताहेत! दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या खोक्यांच्या कारखान्यात हे सुपरवायझर. कागदाच्या ढिगात नोकरी करता आणि हे काय आरंभलंय, असं मी फाडकन विचारलं. तर शांतपणे म्हणाले, "वहिनी, कागद नव्हता तेव्हा माणसाने काय काय केलं, ते मला हाताने करून बघायचंय." मी चहा पिऊन खाली आले.

मग मी वर जातच राहिले. सुरुवात त्यांनी मातीपासून केली होती. ओल्या मातीच्या वडीवर बोरूचं टोक दाबायचं, खुणा उठवायच्या. आपल्या ह्याच आखाताच्या वरच्या टोकाला हजारो वर्षांपूर्वी माणसं अशीच लिहीत होती, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. ती वडी केकच्या ओव्हनमध्ये भाजली म्हणून फिलोमिनाने अबोला धरला, तो भाग वेगळा. मग ताडपत्र. लोखंडी टोच्याने कोरलं तर काहीच दिसेना. मला वाटलं, फसलं. त्यांनी बोटाने काजळी चोळली, फडक्याने पुसली, आणि कोऱ्या पानातून अक्षरं वर आली! लहानपणापासून पोथीला नमस्कार करत आले, पण पोथी होते कशी ते बघितलं अजमानमध्ये. गुंडाळून ठेवायच्या जुन्या लांबलचक पुस्तकांचं त्यांना भारी हसू यायचं, मधली एक ओळ हवी तर अख्खी उलगडत बसा. ज्याने पहिल्यांदा पानं दुमडून मधोमध शिवली त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

हा सगळा खटाटोप आईच्या गाण्यांसाठी होता. त्यांच्या बोलीतली लग्नाची गाणी, घरात कुणी कधी लिहून न ठेवलेली. आईच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घेतली होती. आई गेली, मागोमाग फोनही खलास. रेचेल म्हणायची, "डॅडा, जस्ट टाइप इट, ना." ते नुसते हसायचे. हिरडा मी पुण्याहून आणून दिला, शाई झाली, आणि आठवेल तसं एकेक गाणं चामड्यावर उतरत गेलं. पानं शिवलीसुद्धा. मग उन्हाळ्यात एसी बंद करून सगळी गावी गेली. आपण सगळेच करतो ना, बिल कोण भरणार! परत येऊन बघतात तर दमट हवेने पानं पापडासारखी वेडीवाकडी फुगलेली, पुस्तक आ वासून बसलेलं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं, आणि हा माणूस खूश! जुन्या पुस्तकांच्या पितळी कड्या नक्षीसाठी असतात, असं त्यांना वाटायचं. "आता कळलं, वहिनी, त्या पानं दाबून धरायला असतात. चामडं मेल्यावरही हवा ओळखतं." दुसऱ्याच दिवशी कड्या करायला टाकल्या.

राहिलं एकच गाणं, लेकीला निरोप द्यायचं. ते लिहायला त्यांचा हात धजत नव्हता. चामडं घासताना मात्र तेच गुणगुणायचे...

आता पास्कलभाऊंच्या नोकरीवरचा व्हिसा संपायच्या आत फिलोमिनाला घर रिकामं करायचं होतं, म्हणून मी आवराआवरीला गेले. तिचं माहेर मुंबईचं, तिला ते गाणं धड येईना. रेचेल म्हणाली, "आय डोन्ट नो इट, आंटी." सामान खोक्यांत गेलं, पण चौकटीला कुणी हात लावेना. शेवटी रेचेलच उठली, वाकडी सुरी घेतली आणि अर्धवट राहिलेलं चामडं घासायला बसली. बऱ्याच वेळाने तिच्या तोंडून एक ओळ आली. मग दुसरी. बापाच्याच चालीत, पोरगी जन्मात कधी बोलली नाही त्या बोलीत! हात थांबला की ओळ थांबायची, म्हणून तिने हात थांबवलाच नाही. फिलोमिना दारात येऊन रडत उभी राहिली. मी हाताला लागेल त्या खोक्यावर भराभर लिहून घेतलं.

रेचेलला देवनागरी लिहिता येत नाही. पान तयार झाल्यावर ती म्हणत गेली आणि बोरू मी धरला. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उतरवायचं... केवढी जुनी ही रांग, आणि तिच्या शेवटी मी! माझी अक्षरं त्यांच्या अक्षरांशेजारी वाकडीतिकडी दिसतात. दिसू देत.

रेचेल आता मैत्रिणींबरोबर दुबई मरीनाला एका खोलीत राहते, म्हणून लग्नापर्यंत पुस्तक माझ्याकडे आहे. काल आम्ही दिवाळीसाठी पुण्याला निघालो. बॅगा दाराशी, टॅक्सी खाली. ह्यांनी सवयीने एसी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," मी म्हटलं. "पास्कलभाऊ आहेत घरात."