किरकोळ दुरुस्त्या

भाईंदरला गोडदेवच्या एका सोसायटीत पाहुण्यांची नोंद आता मोबाइलच्या अ‍ॅपवर होते. फक्त बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या उदय पाईकरावकडे कुणी आलं, की वॉचमनला खणातून जुनी वही काढावी लागते. "क्या साब, पूरी बिल्डिंग में एक आपका ही रजिस्टर चलता है," वॉचमन कुरकुरतो. उदय विचारतो, "वो अ‍ॅपवाला सबका नंबर लेके क्या करता है, मालूम है?" वॉचमनला मालूम नसतं. उदयलाही नक्की ठाऊक नसतं, पण संशय पक्का असतो.

हा माणूस असाच. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोची टिकली चिकटवलेली. "माझ्यापेक्षा ह्यांच्या लॅपटॉपलाच टिकल्या जास्त लागतात," असं राजश्री येईल त्याला सांगते. साडीच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागितला, की हा कधीच्या काळी बंद पडलेल्या एका दुकानाचा नंबर देतो. मुलीच्या वेळी राजश्रीला कळा येत होत्या आणि हा हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा राहून भरतीचा फॉर्म वाचत होता, मागची बारीक अक्षरंसुद्धा. वीस मिनिटं लागली. राजश्री ते अजून विसरलेली नाही, आणि विसरूही नये.

याला कारण होतं. उदयचे वडील कोंडिराम हिंगोलीकडून आले, तेव्हा गोडदेवला अजून शेतं होती. इमारती उठायला लागल्या, तसे ते बांधकामावर रखवालदार झाले आणि कडेला एक खोली बांधून राहिले. पुढे ती जागा बिल्डरला हवी झाली. एके दिवशी कुणीतरी कागद आणला, कोंडिरामनी त्यावर अंगठा दिला, आणि दोन महिन्यांत खोली गेली. उदय तेव्हा नऊ वर्षांचा होता. भांडी डोक्यावर घेऊन निघालेली आई त्याला आठवते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. उदय तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. न वाचता सही करायची नाही, हे त्याने तेव्हाच ठरवून टाकलं. कोंडिराम मात्र साठी ओलांडल्यावर विहारातल्या वर्गात बसून सही करायला शिकले.

कॉलेज सुटल्यावर उदय भाईंदर स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात लागला. लग्नपत्रिका, जयंतीच्या स्मरणिका, श्रद्धांजलीची पत्रकं, सगळं तिथे टाइप व्हायचं. मराठी फॉन्ट एका कंपनीचे. त्यांच्याबरोबर बोटाएवढी एक वस्तू मिळायची, ती कॉम्प्युटरमागे खोचली तरच फाइल उघडायची. दुकानात तिला लॉक म्हणत. एके वर्षी लॉक जळलं. ते मॉडेल बंद झालंय, नवं सॉफ्टवेअर घ्या, जुन्या फायलींची हमी नाही, असं कंपनीने कळवलं. पंधरा वर्षं टाइप केलेलं मराठी पडद्यावर कचऱ्यासारखं दिसायला लागलं. विहाराच्या स्मरणिकेत छापलेला आईवरचा लेखही त्यातच होता. आई तोवर गेली होती. उदयला इतका राग आला, की तो आठवडाभर नीट जेवला नाही. मजकूर आपला, बोटं आपली, आणि कुलूप त्यांचं.

मग त्याने प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या लिपीत आणणारा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'उलगडा'. तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला, आतल्या कोडसकट. लोक फुकट म्हणायचे आणि हा चिडायचा. "फुकट नाही, मोकळा आहे. आतलं बघा, बदला, वाटा. अट एकच. बदललेला पुढे द्याल, तर तोही असाच उघडा द्यायचा." ती अट परवान्याच्या पानावर लिहिलेली होती. एका मोठ्या कंपनीने मागे पत्र पाठवलं होतं. त्यांना उलगडा हवा होता, अट नको होती. उदयने एका ओळीत नकार कळवला आणि ते पत्र छापून देव्हाऱ्यासारखं कपाटावर लावून ठेवलं.

तो दिवसा मीरा रोडच्या एका लेबल छापणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि संध्याकाळी उलगडा. अकरा वर्षं. कुणी दुरुस्ती पाठवली, की ओळ न् ओळ वाचायचा, प्रश्न विचारायचा आणि मगच मंजूर करायचा. बरेच जण कंटाळून निघून जात.

मिनल कंटाळली नाही. तिचं पहिलं पत्र असं होतं: "उदय सर, माझे वडील वर्ध्याला साप्ताहिक काढायचे. त्यांचे अठरा वर्षांचे अंक जुन्या फॉन्टमध्ये अडकलेत. उलगड्यात जोडाक्षरं फुटतात. दुरुस्ती सोबत पाठवतेय." फोटो नाही, आडनाव नाही. उदयने तिच्या दोनशे ओळी चार संध्याकाळी बसून वाचल्या. खोट सापडली नाही, म्हणून संशय वाढला. परदेशात एका प्रोग्रामच्या बाबतीत काय घडलं, ते त्याने वाचलं होतं. कुणी गोडबोल्या दोन वर्षं मदत करतो, विश्वास कमावतो आणि मग हळूच चोरदरवाजा बसवतो.

"दीड वर्ष झालं, ही बाई एक पैसा न घेता राबतेय," तो राजश्रीला म्हणाला. "कोण करतं असं?"

"तुम्ही करता," राजश्री म्हणाली. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासून घरी आल्यावर तिला आणखी काही तपासायची हौस नव्हती.

त्याने मिनलला तीनदा विचारलं, तुम्ही नक्की कोण. तिने तिन्ही वेळा कळवलं, उलगडा वापरणारी. उदयचा विश्वास पानिपतातच गेला होता. त्याने तिच्या नावाची वेगळी फाइल केली.

नीरजची मात्र फाइल नव्हती. नीरज आणि तो डीटीपीच्या दुकानात नऊ वर्षं शेजारी बसले होते. नीरजचे आईवडील गिरगावातून मीरा रोडला आलेले. त्याच्या डब्यातलं बिरडं उदय खायचा आणि उदयच्या आईची येसरची आमटी तो. आता तो पवईला कुठल्याशा कंपनीत होता. कुठल्या, ते जगाला दहा प्रश्न विचारणाऱ्या उदयने त्याला कधी विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला दुपारी विहारात खीरदान चाललं होतं. उदयच्या एका हातात डाव, समोर रांग. फोन वाजला. नीरजचा निरोप: "उदय, उलगड्याच्या माहितीच्या पानांवर शुद्धलेखनाच्या चुका किती रे. लाज वाटते. किरकोळ दुरुस्त्या पाठवल्यात, बघून घे." अकरा पानं बदललेली होती. कोडची एकही ओळ नव्हती, सगळा साधा मजकूर. आता या प्रोग्रामर मंडळींची एक खोड आहे. कोडमधलं एक टिंब हललं तरी ही माणसं जेवण सोडून बघतील. साध्या भाषेतलं पान आलं, की त्यांचे डोळे त्यावरून घसरतात. आणि नीरजचं काय वाचायचं? उदयने डाव्या हातातल्या फोनवर अंगठ्याने मंजुरीचं बटण दाबलं आणि पुढच्या वाटीत खीर घातली. त्याच आठवड्यात रविवारी त्याने उलगड्याची नवी आवृत्ती काढली.

तिसऱ्या दिवशी मिनलचं पत्र आलं. "उदय सर, परवान्याचं पान बदललंय. अट निघून गेली आहे. तुम्ही जाणूनबुजून केलंत का?"

उदयने ते वाचलं आणि तो भडकला. आता ही पत्ते उघडे करतेय. दोन मित्रांत काडी लावायची आणि गडबडीत आत शिरायचं. त्याने उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं, त्यात फक्त पानाचा क्रमांक होता. ते पान एकदा उघडून बघायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. त्याऐवजी या शहाण्याने मिनलचं नावच अडवून टाकलं, म्हणजे तिचं पत्र येणंच बंद.

सव्वा महिन्याने तो जुन्या दुकानात गेला होता. तिथल्या ऑपरेटरने कौतुकाने पडदा दाखवला. "उदयभाऊ, हे बघा, नवीन आलंय. जुन्या फायली पण उघडतोय हा." ते सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं होतं, जिचं पत्र उदयच्या कपाटावर होतं. आत उलगडा होता, त्याने स्वतः लिहिलेल्या सूचना शब्दाला शब्द होत्या. फक्त आता आधी मोबाइल नंबर द्यायचा होता, दर महिन्याला वर्गणी भरायची होती, आणि उघडलेली फाइल कंपनीच्याच खात्यात राहणार होती. कोड कुठेही दिसत नव्हता. नवं लॉक आलं होतं आणि ते उदयच्याच लोखंडाचं होतं.

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर परवान्याचं पान उघडलं. अटीची ओळ नव्हती. खाली तारीख होती, बुद्धपौर्णिमेची. मंजूर करणारा, उदय पाईकराव. ऑपरेटर काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू आलं नाही.

नीरज भेटायला आला, मीरा रोडला नया नगरच्या एका चहाच्या हॉटेलात. टाळाटाळ केली नाही.

"तू त्याच कंपनीत आहेस?"

"तीन वर्षं झाली. तू विचारलं नाहीस."

"तू मला फसवलंस."

नीरजने कप खाली ठेवला. "पान लपवलं होतं का मी? अकरा पानांच्या यादीत नाव होतं. बघून घे म्हणून लिहिलं होतं. तू हॉस्पिटलचा फॉर्म वाचणारा माणूस. मला वाटलं, वाचलं असशील आणि तुला चालतंय."

"असं खरंच वाटलं तुला?"

"वाचू नयेस असं वाटत होतं," नीरज म्हणाला. चहाचे पैसे त्याने दिले आणि उदयने देऊ दिले, इतका तो रिकामा झाला होता.

घरी कोंडिराम बाल्कनीत चष्मा लावून पेपर वाचत होते, एकेक अक्षर ओठांनी जुळवत. उदयने त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाबा, तुमच्या अंगठ्यापासून मी एवढंच शिकलो होतो, कागद वाचायचा. तेवढंही जमलं नाही."

कोंडिरामनी चष्मा काढला. "परक्याचा कागद म्या बी वाचून घेतला असता की रं कुनाकडून," ते म्हणाले. "तवा विहारात मास्तर व्हते. पन कागद आणला व्हता दत्तारामानं. आपल्याच गावचा. रोज माझ्या ताटात जेवायचा. त्येचा कागद दुसऱ्याला दावायची लाज वाटली मला."

इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी घरात काढलं नव्हतं. उदय त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसला. त्याने जन्मभर अनोळखी माणसांवर पहारा ठेवला होता, आणि त्यांच्या घरावर अनोळखी माणूस कधी चालून आलाच नव्हता.

मिनलचं नाव मोकळं करून त्याने माफीचं पत्र लिहिलं. तीनदा खोडलं. चौथ्यांदा फक्त लिहिलं, "तुम्ही वाचलं होतंत. मी नाही. चूक माझी." तिचं उत्तर आलं, त्यात सांत्वन वगैरे काही नव्हतं. "तुमच्या ओळींचं तुम्ही काय केलंत, तो तुमचा प्रश्न. नव्या आवृत्तीत जोडाक्षरांच्या दोनशे ओळी माझ्या आहेत. त्या मी अटीवर दिल्या होत्या. ती अट काढायची परवानगी मला कुणी विचारली नाही आणि मी दिलेली नाही. कंपनीला तसं कळवलं आहे."

उदयने ते उभं राहून वाचलं. ज्या बाईला त्याने दाराबाहेर ठेवलं होतं, तिची सही तेवढी शाबूत राहिली होती.

कंपनी काही शरण आली नाही. कंपन्या येत नसतात. त्यांनी गुपचूप मिनलच्या ओळी काढून टाकल्या. मग त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'श्रद्धांजली'चे तुकडे व्हायला लागले, पत्रिकांवर 'ज्येष्ठ' फुटायला लागलं, आणि डीटीपीवाले एकेक करून उलगड्याकडे परतले. उदयच्या स्वतःच्या ओळी मात्र कायमच्या गेल्या त्या गेल्याच; स्वतःच मंजूर करून अटीविना दिलेलं परत मागता येत नाही. त्याने जुनी अट पुन्हा घालून पुढची आवृत्ती काढली. कपाटावरचं कंपनीचं पत्र काढून टाकलं; ते बघून आता अभिमान वाटत नव्हता.

मग त्याने एक नियमांचं पान लिहिलं. यापुढे कुठलीही दुरुस्ती, साध्या मजकुराची असली तरी, दोघांनी वाचल्याशिवाय मंजूर होणार नाही. खुद्द उदयची असली तरीही. दुसरं माणूस मिनल. उलगड्याची दुसरी किल्ली, म्हणजे मंजुरीचा पासवर्ड, तिच्याकडे राहील. अकरा वर्षांत त्याने ती कुणालाही दिली नव्हती, राजश्रीलाही तो पासवर्ड माहीत नव्हता. पान तिला पाठवलं आणि तो वाट बघत बसला. उत्तर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला वाटलं, रागावली, संपलं.

तिसऱ्या दिवशी जेवणं चालू असताना फोन वाजला. "नियमांचं पान वाचलं. तीन हरकती आहेत. चौथ्या कलमात 'विश्वासू व्यक्ती' असं लिहिलंय, ते काढा. विश्वासू कोण, हे कुणी ठरवायचं? हे बदलेपर्यंत किल्ली घेणार नाही."

उदयने ते दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

"काय म्हणती ती पोरगी?" कोंडिरामनी विचारलं.

"म्हणतेय, पटल्याशिवाय सही करणार नाही. माझ्या कागदावरसुद्धा."

कोंडिरामनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग दे तिला किल्ली," ते म्हणाले.