भाऊंच्या खुर्चीची गादी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, डॉक्टरजवळ नाही. देवासमोर हात जोडले तरी हा विषय बाजूनं काढून नेत आलो — त्याला माहीत असेल तर असो, आपल्या तोंडानं कशाला? आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

मी एका क्रीडा मंडळाचा सचिव आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही. गोरेगावकडून आमगावकडे जाताना धानाच्या बांध्या संपता संपता एक तलाव लागतो. त्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, आमचं मैदान आणि मैदानाच्या कडेला कवेलूच्या छपराची एक खोली. आमच्या मुलींच्या खो-खो संघानं एके काळी पार नागपूरपर्यंत नाव काढलं होतं. मी स्वतः कधीच खेळलो नाही. शाळेत बाबू होतो, अक्षर चांगलं, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं — आणि बसलो तो बसलोच.

त्या खोलीत सात खुर्च्या आहेत. सहा आम्हा सभासदांच्या. सातवी भाऊंची.

भाऊ आमचे अध्यक्ष. कोहळी घराण्यातले, त्यांच्या पणज्यानं का खापरपणज्यानं तो तलाव बांधला, असं गावात सांगतात. भाऊंना जाऊन नऊ वर्षं झाली. आणि आजही आमचे अध्यक्ष भाऊच आहेत. चुकून लिहिलं नाही मी — तेच आहेत. त्यांच्या खुर्चीवर लाल कापडाची गादी आहे, मागे भिंतीवर फोटो आहे. सभेत प्रत्येक विषय मी वाचतो, खुर्चीकडे तोंड करतो आणि थांबतो. मनात वीस मोजतो. आवाज आला नाही की म्हणतो, "भाऊंची हरकत नाही." मग लिहितो — सर्वानुमते मंजूर.

हसू आलं ना? येऊ द्या. पण एकदा समोर बसून पाहा. बाहेर टळटळीत दुपार असते, मैदानावर मुली कसरत करत असतात, आणि आत सहा म्हातारे श्वास रोखून एका खुर्चीकडे पाहत बसतात. एकदा वरून एक अधिकारी तपासणीला आले होते. पहिल्या विषयाला ते गालात हसले. तिसऱ्या विषयाला तेही खुर्चीकडे पाहत होते. जाताना त्यांनी मला नाही, खुर्चीला नमस्कार केला.

इतका सोयीचा अध्यक्ष कुठं मिळणार हो? विचारत नाही, अडवत नाही, कागद मागत नाही. नऊ वर्षांत निवडणूक नाही. कुणी विषय काढलाच, तर मी खुर्चीकडे वळतो. भाऊंची इच्छा दिसत नाही, म्हणतो. विषय तिथंच संपतो.

एक लहान गोष्ट आधी कबूल करून टाकतो. खुर्चीपुढे आम्ही पाण्याचा पेला ठेवतो. पहिल्या वर्षी सभेआधी त्यातलं अर्धं पाणी मीच पिऊन ठेवायचो. गादीवरही मधोमध मूठ दाबायचो, खोलगट दिसावी म्हणून. सभासद पाहायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे. आमचे मुन्नाभाऊ, गोंदियाचे कापडवाले, एकदा हळूच म्हणाले, "भाऊजी बैठे हैं." मला मनातून गंमत वाटली होती. पुढे मी पाणी पिणं बंद केलं. पेला अर्धा होतच राहिला. उन्हाळा आहे, आटत असेल — असं मी स्वतःला समजावलं. पावसाळ्यातही अर्धा. गादीला हात लावणं तर मी तेव्हाच सोडलं होतं. तरी तिच्यातला खळगा दरवर्षी वाढतो. इतरांना यात भाऊ दिसतात, त्यांना बरं वाटतं. हे भूत मी तयार केलेलं — मग मलाच त्याची भीती का वाटावी?

पण कबुली ही नाही. कबुली द्यायला बसलो, आणि बघा, पेल्याकडेच वळलो. नऊ वर्षं असाच वळतो आहे.

भाऊ जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. त्यांनी मला घरी बोलावलं. ओसरीत खाटेवर पडून होते, तोंड तलावाकडे. उशाखालून त्यांनी एक कागद काढला. आमच्या संघातल्या सात मुलींचा अर्ज. आमचा प्रशिक्षक हेमराज दुखऱ्या गुडघ्यांना पट्ट्या आवळून मुलींना खेळवतो, गोळ्या देतो, डॉक्टरकडे जाऊ देत नाही, आणि नाही म्हणणाऱ्या मुलीला संघातून काढतो — असं त्यात लिहिलं होतं. खाली सात सह्या. पहिली कप्तान भूमेश्वरीची. अक्षरही तिचंच. अर्जाच्या कोपऱ्यात भाऊंनी स्वतः लिहिलं होतं — कार्यकारिणीपुढे ठेवा, तोवर हेमराजला मैदानावर येऊ देऊ नका. आणि सही.

भाऊ म्हणाले, "यशवंता, पाण्याले निंगाले वाट नसली त पाळ फुटते. या पोरीइचं आयकजा. अना माह्या मागं त्या खुर्चीवर कोणाले तरी निवडून बसवजा. खाली ठेवजा नोको."

मी हो म्हणालो. कागद चार घड्या करून खिशात घातला.

हेमराज माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. मंडळात त्याला मीच आणलेला. हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त सांगतो आहे. चार दिवस तो कागद माझ्या खिशात होता. चौथ्या दिवशी खोलीत मी एकटा तो पुन्हा वाचत उभा होतो आणि बाहेर हेमराजची मोटारसायकल थांबली. भाऊ गेल्याचं सांगायला आला होता. त्याची पावलं व्हरांड्यात वाजली. जवळ भाऊंची खुर्ची होती, तिच्या गादीची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली होती. कागद मी आत सरकवला. हेमराज आत आला, माझा चेहरा पाहिला, म्हणाला, तुम्हाला आधीच समजलं वाटतं. आणि मला रडू आलं. ते खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येत नाही.

कागद नंतर काढायचा, असं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी शोकसभा लागली. खोली गच्च भरलेली. कुणीतरी म्हणालं, सगळ्यांत वडील माणसानं अध्यक्षस्थानी बसावं. आमचे उपाध्यक्ष उठले, दोन पावलं पुढे आले, गादी सारखी करायला त्यांनी हात घातला — आणि मी उभा राहून ओरडलो की या खुर्चीवर दुसरं कुणी बसू नये. भाऊच आमचे अध्यक्ष, कायमचे. बायका रडल्या. माणसांनी डोळे पुसले. मुन्नाभाऊंनी मला मिठी मारली. त्या दिवसापासून गावात माझ्या निष्ठेचे दाखले देतात.

एवढ्यासाठी ती खुर्ची रिकामी आहे. एका कागदासाठी.

मग काढला का नाही, जाळला का नाही? उसवलेला कोपरा मी स्वतः सुईदोऱ्यानं शिवला. जाळायला मात्र हात धजेना, मेलेल्या माणसाची सही होती त्यावर. समोर ठेवायचीही छाती नाही आणि जाळायचीही नाही. भित्रा माणूस असाच मध्ये कुठंतरी शिवून ठेवतो.

दोन महिन्यांनी भूमेश्वरी सभेत आली. एकटीच. एकोणीस वर्षांची असेल. दारात उभी राहून तिनं विचारलं की आमच्या अर्जाचं काय झालं. मी काय केलं, सांगू? मी खुर्चीकडे वळलो. मोठ्यानं विचारलं, "भाऊ, असा काही अर्ज तुमच्याकडे आला होता का?" वीस मोजले. मग तिला म्हणालो, "भाऊंकडे काही आलं नाही."

ती माझ्याकडे पाहतच नव्हती. खुर्चीकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी त मले म्हणले होते का अर्ज वाचलो म्हून." आणि गेली.

त्याच क्षणी ते पहिल्यांदा झालं. खो-खो तुम्ही पाहिला असेल. मुली ओळीत उकिडव्या बसतात. मागून कोण येतंय ते दिसत नाही. पाठीवर हात पडला आणि "खो" ऐकू आला की उठायचं, विचार करायचा नाही. माझ्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, तळहात पडला. पाचही बोटं मला मोजता आली. शब्द काही नाही, नुसता दाब — उठ. माझी खुर्ची भिंतीला टेकून असते. मागे माणूस उभा राहील एवढी जागाच नाही.

मी उठलो नाही.

त्या हिवाळ्यात निवड चाचणीला हेमराजनं भूमेश्वरीला पट्टी आवळून उतरवलं. खांबाशी वळताना गुडघा गेला. मी रेषेजवळ बसून गुण लिहीत होतो. आवाज ऐकला मी. आता तिचा पाय वाकत नाही. धानाच्या रोवणीला जाता येत नाही, खाली मांडी घालून बसता येत नाही. घरी शिलाई मशीन टाकली आहे, एका पायानं चालवते. बाजारात जायचा माझा रस्ता तिच्या दारावरून आहे. मी लांबून जातो. मशीनचा आवाज तरीही येतो.

आणि हात? प्रत्येक सभेत, वीस मोजत असताना, एकदा. भाऊंचा की तिचा, हे नुसत्या हातावरून कळत नाही. मला त्याची सवय झाली असं म्हणायला आवडलं असतं.

यंदा वरच्या संघटनेचं पत्र आलं. निवडणूक घ्या, कार्यकारिणीत एक खेळाडू घ्या, नाहीतर संलग्नता जाईल. निवडणूक मी पुढे ढकलली. खेळाडूच्या जागेपुढे मात्र माझं काही चाललं नाही. जुन्या-नव्या सगळ्या मुलींनी मिळून एकच नाव पाठवलं — भूमेश्वरी.

चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा सभेला बसायला आली. दुपारचे चार वाजले होते. आठवी खुर्ची मागवायची राहिली होती — राहिली म्हणजे मी मागवली नाही. खाली सतरंजी होती. तिला खाली बसता येत नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी उठलं नाही. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, पाय ओढत पुढे गेली, आणि भाऊंच्या खुर्चीवर बसली.

मुन्नाभाऊंचे हात आपोआप जोडले गेले. आणि मला गादीतून आवाज आला. वाळलेलं पान चुरगळावं तसा, बारीक.

पहिला विषय हेमराजच्या सत्काराचा होता. वय झालं म्हणून तो काम सोडतो आहे. त्याला मानपत्र द्यायचं. मी वाचलं, सवयीनं खुर्चीकडे तोंड केलं आणि मोजू लागलो. सातला पोचलो होतो.

"माही हरकत आहे," खुर्चीतून आवाज आला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. आमच्या उपाध्यक्षांनी आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती शांतपणे म्हणाली की सात मुलींनी या माणसाविरुद्ध अर्ज दिला होता, तो आधी वाचा, मग सत्कार करा. कोणता अर्ज, असं सगळे एकमेकांना विचारू लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सचिवजीले माहीत आहे," ती म्हणाली. "सांगा ना जी. काऊन बोलून नाही राहिले?"

हात पडला. या वेळी असा जोरात की मी टेबलावर पुढे झुकलो आणि पेल्यातलं पाणी सांडलं. सगळ्यांनी पाहिलं. आता उठ. एक वाक्य बोलायचं होतं, दोन पावलं चालायची होती, एक शिवण उसवायची होती.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "असा अर्ज दप्तरात नाही."

दप्तरात नव्हता, हे खरं होतं. तिनं दुखरा पाय जरा सरळ केला, अंग सावरलं, आणि तिच्याखाली कागद वाजला. सहा विरुद्ध एक मतानं सत्कार मंजूर झाला. तिची हरकत मी लिहून घेतली. अक्षर चांगलं आलं.

आता ती दर सभेला येते आणि त्याच खुर्चीवर बसते. आठवी खुर्ची मी अजून मागवलेली नाही. प्रत्येक विषयाला तो कागद मला ऐकू येतो. तिला येतो का, माहीत नाही.

अर्ज अजून तिथंच आहे. गादीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात, काळ्या दोऱ्यानं शिवलेल्या शिवणीच्या आत. चार घड्या आहेत. सात सह्या आहेत. पहिली तिची.